भरती की परदेशात शिकवणं? दोन्ही करार मुलांपुढं उघडे ठेवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत गेल्या आठवड्यात 'देशसेवा की परदेशातली कमाई?' असा मथळा होता. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींनी सैन्यात जावं की परदेशात इंग्रजी शिकवायला जावं, याबद्दल तो लेख होता. माझ्या मुलीनं तो मला वाचून दाखवला. मथळ्यापाशीच ती थांबली आणि म्हणाली, "अण्णा, म्हणजे मी शिकवायला गेले तर मी देशाची नाही का?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. चार दिवस विचार केला आणि हे पत्र लिहायला बसलो.

मी खटाव तालुक्यातला. १९८९ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो आणि २४ वर्षांनी, २०१३ साली, हवालदार म्हणून घरी आलो. आमच्या जिल्ह्यात सैन्य म्हणजे घरातली गोष्ट. अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे, 'अपशिंगे मिलिटरी'. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांची आठवण तिथं दगडावर कोरलेली आहे. अशा मुलखात पोरगं जरा उंचपुरं निघालं की त्याला कोणी विचारत नाही, ते भरतीलाच जाणार हे धरून चालतात. आता हे पोरींच्या बाबतीतही व्हायला लागलंय.

माझी मुलगी २० वर्षांची आहे. बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय इंग्रजी. कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केली. पहाटे पाझर तलावाच्या रस्त्यावर १६०० मीटर पळते. तिची आजची वेळ ७ मिनिटं ४२ सेकंद. मिलिटरी पोलिसात मुलींना साडेसात मिनिटांत पळावं लागतं तेव्हा पहिला गट मिळतो, आठ मिनिटांपर्यंत दुसरा. शिवाय १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी. उड्या तिच्या होतात. १२ सेकंदांसाठी ती गेले दोन महिने झटतेय.

आणि हीच मुलगी संध्याकाळी कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड कामगारांच्या तळावर जाते. गळीत हंगामात बीडकडची कुटुंबं तिथं कोप्या घालून राहतात, त्यांच्या पोरांना ती इंग्रजी शिकवते. कोणी सांगितलेलं नाही, पैसे नाहीत. एकदा तिला आणायला गेलो होतो तेव्हा बघत उभा राहिलो. पुस्तक नव्हतंच. कोयता, पाण्याचा कॅन, चूल, बैलाची झूल, जे समोर होतं त्याचं नाव ती विचारत होती, पोरं ओरडून सांगत होती, आणि मग काठीनं मातीत ते नाव लिहायचं. तेवढ्यात उसानं भरलेला ट्रॅक्टर रस्त्यानं गेला. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी त्याच्यामागं पळत सुटली आणि ट्रॉलीच्या पाठीवर रंगवलेलं 'कीप डिस्टन्स' अक्षर अक्षर लावून वाचत राहिली. माझी मुलगीही तिच्यामागं पळत होती, पण हातात घड्याळ नव्हतं. घरी येताना मला वाटलं, पहाटे पळणारी ती हीच का?

तिला दोन्ही हवंय आणि एकच निवडायचंय. घरात गेले वर्षभर हाच विषय आहे. माझ्या मेहुण्याची मुलगी हनोईत इंग्रजी शिकवते, तिचे फोन येतात. इकडं मी, माझा पुतण्या, पुतण्याचे मित्र, सगळे भरतीवाले. त्यात आमच्या यात्रेला माजी सैनिकांचा सत्कार होता, आणि तिथं माइकवरून जाहीर झालं की हवालदारसाहेबांची लेक आता वर्दी घालणार. टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. मुलीला कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या रात्री ती जेवली नाही. ही माझी चूक होती आणि ती मी तिच्यापाशी कबूल केली आहे.

आता त्या मथळ्याबद्दल. देशसेवा हा शब्द मी भाषणात ऐकला, पलटणीत फारसा ऐकला नाही. आमच्यात नाम, नमक, निशान म्हणायचे. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ आणि झेंडा. खंदकात रात्री बोलणं व्हायचं ते सुट्टीचं, घरच्या पत्राचं, पायाच्या फोडांचं. माणूस उभा राहतो तो शेजारच्या जवानासाठी आणि आपल्या कामाच्या इज्जतीसाठी. १९ वर्षांच्या मुलीपुढं देशसेवा आणि कमाई अशी तागडी धरली की ती खरं बोलूच शकत नाही. शिकवायला जायचंय असं म्हटलं की ती पैशाची ठरते, आणि पैसे हवेत म्हणून भरतीला आलेल्या शेकडो पोरांना खोटं बोलावं लागतं. मी स्वतः १९८९ साली भरती झालो तो दुष्काळात घरी खाणारी तोंडं जास्त होती म्हणून. पुढं जे काही झालं ते पलटणीनं घडवलं.

शिकवणाऱ्याला कमी लेखू नका असं मी म्हणतो, त्यालाही कारण आहे. दहावीला मी इंग्रजीत कसाबसा सुटलो होतो. पलटणीत नाईक व्हायचं तर परीक्षा द्याव्या लागतात, नकाशा वाचता यावा लागतो. आमचा एक एज्युकेशन हवालदार होता, गढवालचा. राजौरीत हिवाळ्यात बंकरमध्ये कंदिलाची वात बारीक करून तो आम्हा सहाजणांना शिकवायचा. नकाशावरचे सहा आकडे, आधी आडवं मोजायचं, मग उभं. होकायंत्रावरून बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, कसा काढायचा. इंग्रजी शब्द तो हातवाऱ्यांनी समजावायचा. रिज म्हणजे मुठीची धार, स्पर म्हणजे त्या मुठीतून पुढं काढलेलं बोट, सॅडल म्हणजे दोन बोटांच्या गाठींमधली खोलगट जागा. आजही मूठ वळली की मला डोंगर दिसतो. पुढं एकदा धुक्यात आमची गस्त वाट चुकली, तेव्हा मी त्याच मुठीवर आणि बेअरिंगवर नऊ माणसं चौकीवर परत आणली. ते काम कोणाचं म्हणायचं, माझं की त्या मास्तराचं? मला वाटतं निम्म्याहून जास्त त्याचं.

म्हणून आम्ही बापलेकींनी ठरवलं की देशप्रेम बाजूला ठेवायचं, ते दोघांनाही आहे. दोन्ही नोकऱ्यांचे करार घेऊन बसायचं. माझ्या खाटेवर दोन वह्या ठेवल्या, एक हिरवी, एक निळी.

हिरव्या वहीत सैन्य. माझी नोकरी आणि आजची अग्निवीराची नोकरी एक नाही, हे आमच्यासारख्या जुन्या माणसांनीच पोरांना सांगायला हवं, कारण ती आमच्याकडं बघून भरतीला जातात. १४ जून २०२२ ला जाहीर झालेली अग्निपथ योजना ४ वर्षांची आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवानिधी नावाच्या बचतीत. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं पुढं कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही, ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांसाठीचा, दवाखाना नाही. हे मी योजना चांगली की वाईट म्हणून लिहीत नाही. वयाच्या पंचविशीपर्यंत हातात साडेअकरा लाख आणि शरीराला लागलेली शिस्त ही लहान गोष्ट नाही. पण माझी पेन्शन बघून माझ्या मुलीनं निर्णय घेतला, तर तो चुकीच्या कागदावर घेतला असं होईल.

मुलींना या वाटेनं जागा मुख्यतः मिलिटरी पोलिसात. ती वाटही नवीच आहे. ८३ मुलींची पहिली तुकडी बेंगळुरूहून ८ मे २०२१ ला बाहेर पडली. ते फोटो माझ्या मुलीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. तेव्हा ती दहावीच्या वयाची होती.

दुसरी एक गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती, ती तिच्या एनसीसीच्या अधिकाऱ्यांनी सांगितली. पदवी झालेल्या मुलीला अधिकारी म्हणून जाण्याचा रस्ता पंचविशीपर्यंत उघडा असतो. सीडीएस ही अधिकारी भरतीची लेखी परीक्षा देऊन चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, जाता येतं. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या, पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. तिथून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, १० वर्षं, वाढली तर १४. जवानाच्या घरात अधिकाऱ्याचा रस्ता कोणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आला नव्हता. आम्ही 'साहेब' म्हणून सलाम ठोकत आलो, त्यामुळं आपली पोर त्या बाजूला उभी राहील हे डोळ्यापुढं येत नाही. आपल्या पुरवणीत अग्निवीर भरतीची जाहिरात चौकटीत आणि या वाटेबद्दल एकही ओळ नव्हती.

आणि एक तिसरी. सैन्याची स्वतःची शिक्षकांची शाखा आहे, आर्मी एज्युकेशन कोअर. माझा तो गढवाली हवालदार तिथलाच. तिचं सेंटर पचमढीला. अधिकारी म्हणून जायचं तर पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे मुलीला आधी एमए करावं लागेल. स्त्री अधिकाऱ्यांना कायमचं कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, २००८ साली ज्या दोन शाखांत पहिल्यांदा मिळालं, त्यातली ही एक. हे ऐकल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे फळा आणि वर्दी दोन्ही?" जागा फार थोड्या असतात, हेही मी तिला सांगितलं.

आता निळी वही. परदेशात शिकवणं म्हणजे विमानात बसलं की डॉलर, असं आपल्याकडं समजतात. मेहुण्याच्या मुलीचं ऐकलं तर चित्र वेगळं दिसतं. ती इथं बीएड करून साताऱ्यात चार वर्षं शिकवत होती, मग गेली. तिकडच्या भाषा-केंद्रांत मुलं आपली शाळा सुटल्यावर येतात, म्हणून तिचं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. सगळ्या शहराला सुट्टी असते तेव्हा ती फळ्यापाशी. करार एका वर्षाचा, पुढं वाढेलच असं नाही. पेन्शनचा प्रश्नच नाही, आणि आजारी पडल्यावर खोलीवर पाणी द्यायला कोणी नाही. पण शिकवायला मिळतं याचा तिला आनंद आहे. सहा वर्षांची पोरं तिला 'टीचर' म्हणत कमरेला मिठी मारतात, ते फोटो ती पाठवते.

आपल्या पासपोर्टची किंमत हा या वहीतला सगळ्यात कडू भाग. दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांसाठी जी मोठी योजना आहे, तीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांचेच नागरिक घेतात. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, दार बंद. मेहुण्याच्या मुलीला व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच यायचा की तुमची मातृभाषा इंग्रजी आहे का. तिनं दर वेळी खरं सांगितलं, मराठी. चौदाव्या मुलाखतीला नोकरी मिळाली. भाषा शिकून घेतलेल्या माणसाला ती कुठं अडते हे ठाऊक असतं, म्हणून तो ती जास्त चांगली शिकवतो, असं ती म्हणते. मला ते पटतं, कारण माझ्या गढवाली मास्तराचंही इंग्रजी शिकून घेतलेलंच होतं.

कागदपत्रंही कमी नाहीत. पदवी हवी. शिकवण्याचा कोर्स हवा, बहुतेक ठिकाणी १२० तासांचा. केंब्रिजचा सेल्टा म्हणून जो कोर्स आहे, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवून दाखवावं लागतं. नुसत्या संगणकावरच्या कोर्सात ते नसतं, म्हणून पैसे भरण्याआधी हे विचारावं. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स. पदवीवर राज्याचा, परराष्ट्र मंत्रालयाचा आणि काही देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामाचा परवाना.

इथं आम्ही ठेच खाल्ली. पुण्यातल्या एका कार्यालयानं कोर्स, व्हिसा आणि नोकरी असं मिळून ६५,००० रुपये सांगितले आणि १५,००० आगाऊ घेतले. वर्क परमिटचं विचारल्यावर उत्तर आलं की आता टुरिस्ट व्हिसावर जायचं, परमिट तिथं गेल्यावर होतं. पलटणीत शिकलो होतो की ज्याच्याकडं मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे प्रवासाचा लेखी हुकूम, नाही तो जवान प्लॅटफॉर्मवरही उभा राहत नाही. मी मुलीला उठवलं आणि बाहेर आलो. पैसे परत मिळाले नाहीत. नंतर कळलं की परदेशी नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला असावा लागतो, ती यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते, आणि नोकरी लावण्याची फी तो ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. हे आम्हाला आधी कुठं वाचायला मिळालं असतं तर १५,००० वाचले असते. आमचे निदान फक्त पैसेच गेले. मार्च २०२५ मध्ये थायलंडमधल्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून अधिक भारतीयांना परत आणलं. चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली ती मुलं पलीकडं म्यानमारच्या हद्दीत ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकली होती. त्यांचेही आईबाप कुणातरी कार्यालयात खुर्चीवर बसून पैसे मोजत असतील.

भरतीच्या बाजूलाही दलाल आहेतच. आमच्या भागातल्या एका अकॅडमीत 'भरतीची हमी' म्हणून पुतण्याकडून वर्षाचे पैसे घेतले. सैन्यात हमी देणारा माणूस नसतो. आधी संगणकावर परीक्षा, मग मैदान, मग मेडिकल. तीनही ठिकाणी तुमचं तुम्हालाच उभं राहावं लागतं.

दोन्ही वह्या भरल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली, ती म्हणजे वय. अग्निवीरासाठी २०२२ साली वय ठरलं ते साडेसतरा ते एकवीस. फक्त त्या पहिल्या वर्षी तेवीस. शिकवायला मात्र माणूस तिसाव्या वर्षी जाऊ शकतो, चाळिसाव्याही. म्हणून नातेवाईक सांगतात, आधी वर्दी, शिकवणं काय नंतरही होईल. हे ऐकायला बरोबर वाटतं. पण एकवीस ते पंचवीस हीच वर्षं एमए, बीएड आणि एसएसबीचीही आहेत. ती एकदा अग्निवीर म्हणून दिली की अधिकाऱ्याचं दार बहुतेक बंद झालेलं असतं, आणि पंचविशीत फळ्यापुढं नव्यानं उभं राहावं लागतं. बाप म्हणून माझं मत विचाराल तर तिनं पदवी पूर्ण करावी, 'सी' प्रमाणपत्राच्या जोरावर एसएसबीला बसावं आणि तोवर तळावर शिकवणं सोडू नये. तिला ते पूर्ण पटलेलं नाही. ती म्हणते, "अण्णा, तुम्ही जवान होतात, तुम्हाला कमीपणा वाटला का? मग मलाच का अधिकारी व्हायला सांगता?" याचं उत्तर मी अजून शोधतोय.

एक फरक मात्र वहीत मावत नाही. सैन्यात गेली तर तिच्या जिवाला धोका आहे, तो मी २४ वर्षं जवळून बघितलाय. दोन मित्रांना मी स्वतः खांदा दिला. तिच्या आईनं याबद्दल एकच वाक्य म्हटलं, "तुम्ही गेलात तेव्हाही मी झोपत नव्हते." ती बाई दोन्हीपैकी कशालाच नको म्हणालेली नाही, आणि घरात सगळ्यात धीर तिच्याजवळ आहे.

संपादक महोदय, आपली पुरवणी आमच्याकडं वाचनालयात तीन-तीन दिवस फिरते. मुलं ती कापून ठेवतात. म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी देशसेवा की कमाई असा मथळा देऊ नये. चार वर्षांनंतर काय मिळतं आणि काय मिळत नाही ते छापावं. पदवीधर मुलींसाठीच्या अधिकारी भरतीची माहिती जाहिरातीच्या चौकटीएवढ्याच ठळक अक्षरांत द्यावी. परदेशी नोकरीच्या लेखाखाली ई-मायग्रेटचं नाव द्यावं आणि टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नका हे स्पष्ट लिहावं. आपल्याच पानावर परदेशी नोकऱ्यांच्या छोट्या जाहिराती येतात, त्यांच्याकडून नोंदणी क्रमांक मागून घेतलात तर आमच्यासारख्या घरांवर उपकार होतील.

आणि आमच्या गावच्या मंडळींनाही या पत्रातून हात जोडून सांगतो: पुढच्या यात्रेला तळावरच्या पोरांना शिकवणाऱ्या मुलीचं नाव माइकवरून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण आधी तिला विचारा.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नये, गावात मुलगी लगेच ओळखू येईल. तिनं स्टॉपवॉच धरायला मला पहाटे साडेपाचला तलावाच्या रस्त्यावर बोलावलंय, त्यामुळं इथंच थांबतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. खटाव, जि. सातारा